आडवा आरसा

ज्ञानू सुतार माप घ्यायला यायचा होता, म्हणून कालिंदीनं सकाळीच बाहेरच्या खोलीतली खुर्ची आणि वर्तमानपत्रांची चळत उचलून भिंत मोकळी करून ठेवली. राजारामपुरीतलं ते भाड्याचं घर तसं लहान. पण त्र्यंबकरावांनी एकदा एखादी गोष्ट मनात घेतली की जागा आपोआप निघायची.

त्र्यंबकराव आधी दरबारच्या बांधकाम खात्यात नकाशे काढायचे. संस्थान विलीन झालं, मुंबई सरकार आलं, तरी त्यांचं टेबल तेच राहिलं आणि पेन्सिलही तीच. कामासाठी मुंबईला गेले असताना समुद्राकाठचं नवं मत्स्यालय पाहून आले आणि तेव्हापासून त्यांना एकच ध्यास लागला, आपल्या घरी माशांची टाकी हवी. तीसुद्धा विकतची नाही, स्वतःच्या हातानं आखलेली. जेवताना ते ताटाशेजारी बोटानं रेघा ओढायचे. खाली शहाबादी फरशी, तीन बाजूंना फरशी, पुढं एकच लांब काच, चौकट लोखंडी अँगलची, आणि हे सगळं एका लाकडी स्टँडवर.

ज्ञानू आला, भिंतीवर हात थापटून म्हणाला, "सायब, एवढं पानी म्हंजे म्हशीचं वजन हुतंय की. साध्या लाकडाचं काम न्हवं हे."

"म्हणून तर सागवान म्हणतोय."

"आनि उंची?"

"खुर्चीत बसलं की डोळे पाण्याच्या मध्यावर यायला हवेत," त्र्यंबकराव म्हणाले आणि खुर्चीत बसून त्यांनी आपल्या डोळ्यांची उंची भिंतीवर खडूनं मांडून दिली.

अडलं ते काचेपाशी. लढाई संपून इतकी वर्षं झाली, तरी तेवढी जाड, लांब काच कोल्हापुरात मिळेना. सांगलीला निरोप धाडला, बेळगावला माणूस गेला. कुठंच नाही. त्र्यंबकरावांनी नकाशाची गुंडाळी करून बाजूला ठेवली.

आणि कालिंदी म्हणाली, "आहे की घरात. आतल्या खोलीत."

ती हे बोलली तेव्हा तिचा आवाज अगदी साधा होता. पण गेली दोन वर्षं ते वाक्य तिच्या घशात कुठंतरी तयारच होतं.

आतल्या खोलीत सरोजिनीचा आरसा होता. सरोजिनी म्हणजे त्र्यंबकरावांची पहिली बायको, विषमज्वरानं गेलेली. माणसाच्या उंचीचा तो बेल्जियमचा आरसा तिच्या वडिलांनी एका साहेबाच्या लिलावात घेऊन लेकीला दिला होता. कालिंदी या घरात आली त्या दिवसापासून तो तिथं उभा होता. तो हलवायचा नाही, झाकायचा नाही, असं कोणी सांगितलं नव्हतं. पण त्र्यंबकराव रोज ऑफिसला जाताना त्याच्या चौकटीवरून बोट फिरवून जायचे, आणि कालिंदीच्या खांद्यावरून त्यांचं बोट असं कधी फिरलं नव्हतं. आरशासमोर उभी राहिली की तिला वाटायचं, आपण दुसरीच्या पाटावर जेवायला बसलोय. ती तळहाताएवढ्या आरशात बघून कुंकू लावायची.

त्र्यंबकरावांनी नकाशाची गुंडाळी पुन्हा उलगडली. मग म्हणाले, "पारा खरवडावा लागेल."

"मी खरवडते."

तिला वाटलं होतं ते नाही म्हणतील, निदान कळवळतील. पण ते उठून पट्टी घेऊन आत गेले, आरशाची रुंदी मोजली आणि म्हणाले, "आडवा ठेवला तर बरोबर बसतोय."

हुपरीच्या एका चांदीवाल्याकडून तेजाब आणलं. दुपारी मागच्या अंगणात गोणपाटावर आरसा पालथा घालून कालिंदी बसली. आधी मागचा तांबडा रंग निघाला, मग चांदीचा मुलामा विरघळू लागला. डोळ्यांत झोंबत होतं, बोटांची कातडी पांढरी पडत होती, तरी तिला थांबवेना. जिथं जिथं मुलामा निघत होता, तिथं तिथं काचेखालचं गोणपाट दिसत होतं. ती मनात म्हणत होती, बघ, आता इथं तू नाहीस. इथंही नाहीस.

भांडीवाली शालूबाई न्हाणीशी उभी राहून बघत होती. सरोजिनीच्या वेळेपासून ती याच घरी कामाला होती. हातातली कढई तशीच ओली गळत होती.

"थोरल्या वैनींचा आरसा न्हवं का ह्यो?"

"होता," कालिंदी म्हणाली.

टाकी झाली. शेंदूर आणि जवसाच्या तेलाचं लुकण फटींत भरून काच बसवली. सागवानी स्टँड तर असा देखणा झाला की ज्ञानू स्वतःच त्याच्यावरून हात फिरवत राहिला. पाणी भरलं, वर विजेचा दिवा लावला, मुंबईहून डब्यातून आणलेले लाल मासे सोडले. गल्लीतली माणसं बघून गेली. पहिले काही दिवस कालिंदीलाही बरं वाटलं. आतल्या खोलीतली भिंत रिकामी झाली होती, तिथं तिनं आपली ट्रंक ठेवली.

मग तिच्या लक्षात आलं की त्र्यंबकराव संध्याकाळी घरी आले की पाय धुऊन जे टाकीसमोर बसतात, ते पान वाढेपर्यंत उठत नाहीत. दिवेलागणीला बाहेरचा उजेड सरायचा, टाकीतलं पाणी हिरवट काळं दिसायचं, आणि हवेत एक वास यायचा. शेवाळाचा असावा, असं ती म्हणायची. पण शेवाळाला उदाचा वास कुठून? न्हाऊन उदावर केस सुकवताना येतो तसा, ओल्या केसांचा आणि धुराचा.

"मला एवढं कधी पाहिलं नाहीत," ती एकदा हसत म्हणाली. हसली खरी, पण ओठ कोरडे होते.

"हं," ते म्हणाले. त्यांची मान डाव्या खांद्यावर कलली होती.

मासेही विचित्र वागायचे. टाकी एवढी लांब, पण ते सगळे डाव्या कोपऱ्यात गोळा व्हायचे आणि पाण्यात काहीच नसताना तोंडं पुढं करून टिपत राहायचे. कशाला तरी लुचत असल्यासारखे.

एका रविवारी ज्ञानू पुन्हा आला. त्र्यंबकरावांनी टाकी रिकामी करवून खाली उतरवली आणि स्टँडचे पाय कापायला सांगितले.

"किती कापू?"

"टीचभर ठेव."

"सायब, मग ह्यो स्टँड कसला? पाट झाला की." ज्ञानू कालिंदीकडं बघू लागला. करवतीचा आवाज दुपारभर घरात फिरत राहिला.

"खुर्चीत मान दुखते," त्र्यंबकरावांनी तिला एवढंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती देवापाशी दिवा लावून, हातात निरांजन घेऊन बाहेरच्या खोलीत आली आणि उंबऱ्यातच थांबली. त्र्यंबकराव जमिनीवर चटई टाकून टाकीसमोर आडवे झाले होते. डाव्या कुशीवर, तोंड काचेकडं, डोळे सताड उघडे. ओठ हलत होते.

तिनं काचेकडं पाहिलं.

पाण्यात एक बाई आडवी होती. डाव्या टोकाला डोकं, उजव्या टोकाला पाय, जणू कोणी खाटेवर निजवून ठेवलेली. केस मोकळे. ते खाली न लोंबता सरळ तिच्या पायांच्या दिशेनं गेले होते, आणि मासे त्या केसांच्या मुळाशी तोंडं लावत होते. बाईचा एक हात सावकाश हलत होता. डोक्यापासून केसांच्या टोकापर्यंत. पुन्हा डोक्यापासून...

कालिंदीच्या हातातली निरांजनाची वात विझली तेव्हा तिला कळलं की आपला श्वास फार जोरात चालला आहे.

रात्र तिनं कशीबशी काढली. सकाळी शालूबाई भांडी घासायला बसली, तशी ती तिच्याजवळ जाऊन उकिडवी बसली.

"शालूबाई, त्या थोरल्या... आरशासमोर काय करायच्या गं?"

शालूबाईनं राखेचा हात थांबवला. आवाज उतरवून म्हणाली, "सांज झाली की हुब्या ऱ्हायच्या. केस इंचरायच्या. आनि सायब..."

"साहेब काय?"

"मागं खुर्चीत बसून बघायचं. बोलायचं न्हाईत. दिवा लावायची बी शुद्ध नसायची दोघांस्नी." ती पुन्हा भांड्यावर वाकली. "जाऊंद्या की वैनी. मेलेल्या मानसाचं कशाला काढायचं?"

कालिंदी तिथंच बसून राहिली. आता तिच्या ध्यानात आलं. सरोजिनी निजलेली नव्हती. ती पूर्वीसारखीच उभी होती. आरसाच आपण आडवा केला होता.

तिला भीती वाटायला हवी होती, आणि वाटतही होती. पण त्या भीतीच्या वर दुसरंच काहीतरी उकळून येत होतं. आपण बोटं जाळून तो मुलामा काढला, आणि काढून केलं काय? आरसा होता तेव्हा ती निदान आतल्या खोलीत होती. आता बाहेर, बैठकीत, दिव्याखाली आणून बसवली. तिच्यासाठी सागवान आलं. मासे आले.

त्या संध्याकाळी त्र्यंबकराव चटईवर आडवे झाले, तशी ती त्यांच्या उशाशी येऊन उभी राहिली.

"तुम्हाला दिसते ना ती?"

"हळू बोल..."

"किती दिवस दिसते?"

"ती निजलेली नाही गं," ते पुटपुटले. नजर काचेवरून हलली नाही. "उभी आहे. आपण आडवं व्हायचं, एवढंच... मग सरळ दिसते."

तू घाबरलीस का, असं त्यांनी विचारलं नाही. तू दिवसभर जेवली नाहीस का, तेही नाही. कालिंदीनं पदर खोचला. मग म्हणाली, "सरका जरा."

ते सरकले. ती त्यांच्याशेजारी डाव्या कुशीवर निजली, गार चटईवर गाल टेकला आणि काचेत पाहिलं.

सगळं सरळ झालं. पाणी राहिलं नाही, मासे राहिले नाहीत. समोर सरोजिनी उभी होती, हिरव्या इरकली लुगड्यात, हातात फणी. तिच्यामागं आतली खोली, खिडकी, खिडकीत संध्याकाळ. आणि खुर्चीत त्र्यंबकराव बसले होते, केस काळेभोर, हात मांडीवर विसरलेले. ते ज्या नजरेनं तिच्याकडं बघत होते, ती नजर कालिंदीनं आपल्या नवऱ्याच्या डोळ्यांत एकदाही पाहिली नव्हती.

पण सरोजिनी त्यांच्याकडं बघत नव्हती. ती कालिंदीकडं बघत होती. रागानं नाही, दुःखानंही नाही. बाई आरशात बघते तशी. तिनं भांग नीट आहे का ते पाहिलं, करंगळीनं डोळ्याच्या कोपऱ्यातलं काजळ पुसलं. कालिंदीचा हात आपसूक वर गेला आणि तिच्या करंगळीनं तिच्या डोळ्याचा कोपरा पुसला. सरोजिनीनं मान किंचित वळवली. कालिंदीची मान वळली. कोण आधी हललं आणि कोण मागून... ते कळेना.

मग सरोजिनी तिला बघून प्रसन्न हसली. मनासारखं दिसल्यावर बाई हसते, तशी.

कालिंदी उठली की उठवली गेली, तिला पुढं कधी आठवलं नाही. स्वयंपाकघरातून वरवंटा आणला आणि दोन्ही हातांनी काचेवर घातला. काच तडकली नाही, एकदम फुटली. सगळं पाणी एका लोटात तिच्या अंगावर आलं. नाकातोंडात, डोळ्यांत, केसांत. ती उताणी पडली. तोंडात उदाच्या राखेची चव होती.

लाल मासे जमिनीवर तडफडत होते. त्र्यंबकराव त्यांना ओलांडून आले, तिचं डोकं मांडीवर घेतलं, धोतराच्या सोग्यानं तिचं तोंड पुसलं. पुसता पुसता थांबले आणि बराच वेळ तिच्या चेहऱ्याकडं बघत राहिले.

"लागलं का गं?" ते म्हणाले. असा आवाज तिनं त्यांचा कधी ऐकला नव्हता.

त्यानंतर त्या घरात सुख आलं. हे खरं आहे, खोटं नाही. फरशी न् अँगल भंगारात गेले, काचेचे तुकडे कालिंदीनं स्वतः गोळा करून गावाबाहेरच्या पडक्या विहिरीत टाकले. घरातला तळहाताएवढा आरसाही तिनं तिथंच टाकला. काचेत पाहायचं म्हटलं की ती तोंड फिरवायची. आरसा नको तर नको, त्र्यंबकराव म्हणाले, आणि रोज सकाळी स्वतःच्या बोटानं तिच्या कपाळावर कुंकू रेखू लागले. ऑफिसातून थेट घरी येऊ लागले. गुजरीतल्या सराफाकडून तिच्यासाठी मोत्यांची कुडी आणली. संध्याकाळी ती केस विंचरायला बसली की ते खुर्ची ओढून मागं बसायचे, आणि तिला पाठीवर त्यांची नजर उन्हासारखी जाणवायची. दोन वर्षांची आग निवली. जिंकलो आपण, असं तिला वाटायचं.

शालूबाईनं तेवढं काम सोडलं. लेकीचं बाळंतपण आहे, कोडोलीला जायचंय, असं म्हणाली. जाताना खाली मान घालूनच बोलली.

चैत्र संपता संपता एका सकाळी दाराची कडी वाजली. कालिंदी पदराला हात पुसत गेली आणि दार उघडलं. दारात तिची आई उभी होती. मलकापूरच्या मोटारीतून उतरून थेट आलेली, अंगावर प्रवासाची धूळ, हातात करवंदांची दुरडी. कालिंदीचं काळीज सुपाएवढं झालं. ती पुढं होऊन पायाशी वाकणार, एवढ्यात आई संकोचून एक पाऊल मागं सरली, पदर सावरला, आणि परक्या घरच्या बाईशी बोलावं तशी अदबीनं म्हणाली,

"माफ करा हं, घर हेच ना? आमच्या कालिंदीला जरा हाक मारता? म्हणावं, मलकापूरहून आई आलीय."