पऱ्हाटीच्या मायची नजर

"बाई, थे आपल्याकडं पाहून राह्यली."

गौसियाचं बोट वर होतं. सातवीतल्या बावीस मुलींनी माना वर केल्या. अन्नपूर्णाबाईंनीही केली, आणि त्या बोलता बोलता थांबल्या.

भिंतीवर उंचावर एक चित्र होतं. निळ्या वस्त्रातली आई पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, शेताच्या कडेला बसलेली, मांडीवर बाळ, बाळाच्या मुठीत कापसाचं बोंड. रुंद लाकडी फळीवर रंगवलेलं. कुणी रंगवलं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. लोक त्याला पऱ्हाटीची माय म्हणत.

आणि ती आई आज सरळ मुलींकडे पाहत होती.

महाराष्ट्र होऊन तीन वर्षं झाली होती. पिंपळगाव राजाच्या रस्त्यावरच्या या गिरजाघरात आता प्रार्थना होत नसे. रेल्वेतली आणि जिनिंगमधली ख्रिस्ती कुटुंबं खामगाव सोडून गेली, तेव्हा मिशनने घंटा उतरवून नेली आणि इमारत गावच्या एका समितीच्या हवाली केली. अट एकच होती : चित्रं जपायची. अन्नपूर्णाबाई मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवत. दरवर्षी त्या सातवीच्या मुलींना इथे आणत, जमिनीवर बसवत आणि म्हणत, "आधी पाहा. मग पेन्सिल उचला."

समितीचे चिटणीस भगवंतराव दाराशीच उभे होते. तेलाच्या गिरणीचे मालक, गेली पंधरा वर्षं आलेल्या पाहुण्यांना ते स्वतः हे चित्र दाखवत.

"भगवंतराव, हिची नजर बदलली का हो?"

ते हसले. "ती पहिल्यापासून समोरच पाहते, बाई. पावसाळी उजेडाचा खेळ आहे."

"कडूबा, तुम्हाला काय वाटतं?"

म्हातारा पहारेकरी कुलूप बोटांनी चाचपत होता. "मले दूरचं दिसत नाई, बाई. मोतीबिंदू हाय. मायले म्या दोन वर्सांपासून पाह्यलंच नाई."

शाळेत परतल्यावर अन्नपूर्णाबाईंनी कपाट उघडलं. दरवर्षीची चांगली चित्रं त्या जपून ठेवत. त्यांनी मागच्या चार वर्षांतली अकरा चित्रं टेबलावर मांडली. कुणाचं नाक वाकडं होतं, कुणाचं बाळ भोपळ्याएवढं झालं होतं. पण अकराही चित्रांत आईची नजर खाली, बाळाच्या मुठीवर होती.

एक मुलगी चुकेल. चार वर्षांतल्या अकरा मुली एकच चूक करणार नाहीत.

त्यांनी ती चित्रं पोलीस चौकीत नेली. जमादार तुळशीरामने भगवंतरावांना बोलावून घेतलं. भगवंतरावांनी अकराही चित्रं एकेक करून पाहिली. मग कपाळाला हात लावून म्हणाले, "म्हणजे चित्र बदललं कुणीतरी! आठ दिवस आत एकटा कोण होता, जमादार? गिरजाघराला चुना मारणारा फकीर मोहम्मद. हातात कुंचला असलेला माणूस."

संध्याकाळच्या आत फकीर मोहम्मदला चौकीत आणून बसवलं होतं. तो दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं रंगवायचा.

तो गौसियाचा बाप होता.

दुसऱ्या दिवशी गौसिया वर्गात आली नाही. दाराबाहेर उभी राहिली.

"आत ये."

"बाई, मी बोललीच नसती तं बरं झालं असतं. दुपारच्या गाडीनं अब्बाले बुलढाण्याले नेऊन राह्यले. कोर्टात."

अन्नपूर्णाबाईंनी फळ्याच्या वरचं घड्याळ पाहिलं. दहा वाजले होते.

"तू पाहिलंस ते खरं आहे. पण ते अर्धं आहे. उरलेलं अर्धं मला पाहू दे. तू आत बस."

चौकीत जमादार चहा पीत होता. फकीर मोहम्मद कोपऱ्यात उकिडवा बसला होता.

"जमादारसाहेब, मला याला चार गोष्टी विचारायच्या आहेत."

"इचारा ना बाई. पन हा बोलत नाई. काऊन बे, बोलतो का?"

"फकीरभाई, चुना कधी मारलात?"

"आषाढात, बाई. आठ दिवस लागले."

"चित्र खाली उतरवलं होतंत?"

"नाई. लाकडाले हातच नाई लावला. चौकटीवर चार थेंब उडाले, थे बी पुसले नाई. म्हटलं, रंग निंगाला तं आपली गर्दन जाईल."

"किल्ली?"

"शेवटच्या दिवशी कडूबाच्या हातात देली. रातच्याच गाडीनं अकोल्याले गेलो, टॉकीजच्या कामाले. परवा आलो."

"सांगायले काय जाते!" जमादार म्हणाला.

"मग चला, पाहून येऊ," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

गिरजाघरात कडूबाने दोन्ही बाजूंनी पायऱ्या असलेली शिडी आणली. बाईंनी पदर खोचला आणि त्या वर चढल्या. जमादार खालून म्हणाला, "पडसान बाई, मग शाळावाले मायावर केस करतीन."

"तुम्ही पण या. हे पाहा, चौकटीवर चुन्याचे थेंब."

"हाव. हायेत."

"हा आतल्या कडेवरचा थेंब कसा दिसतो?"

जमादार दुसऱ्या बाजूने त्यांच्याएवढा वर चढला. "अर्धा."

"उरलेला अर्धा कुठे पडायला हवा?"

"फळीवर." त्याने फळीवरून बोट फिरवलं. तिथे काहीच नव्हतं. त्याने बोट हुंगलं. "बाई, तेलाचा वास येते. रंग बी चिकटते थोडासा."

खाली उतरल्यावर अन्नपूर्णाबाईंनी एवढंच विचारलं, "कडूबा, किल्ल्या किती?"

"दोन. एक माया कमरेले. एक भगवंतरावांकडं."

परतताना रस्ता बाजारातून जात होता. महालक्ष्म्या आठ दिवसांवर आल्या होत्या. मोतीराम मूर्तिकाराच्या ओट्यावर मुखवटे वाळत होते, ओळीने पंधरा-वीस. अन्नपूर्णाबाई पुढून गेल्या. चार पावलांवर थांबल्या. मागे फिरून त्या ओट्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश चालल्या.

एकूण एक मुखवटा त्यांच्याकडे पाहत होता.

"जमादारसाहेब," त्या म्हणाल्या, "फकीरभाईंना बाराच्या आत गिरजाघरात आणा. भगवंतरावांनाही बोलवा. मोतीरामला मी घेऊन येते."

बारा वाजता सगळे चित्राखाली उभे होते. फकीर मोहम्मदच्या हाताला दोरी होती. गौसिया दाराला टेकून होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण परत जा असं कुणाला म्हणवेना.

"मोतीरामभाऊ," अन्नपूर्णाबाईंनी विचारलं, "ही तुमच्या हातची ना?"

मोतीरामचं तोंड उजळलं. "हाव बाई! कसं ओळखलं? काऊन, चांगली नाई झाली?"

भगवंतराव म्हणाले, "हा काय बरळतो आहे?"

"थांबा," बाई म्हणाल्या. "मोतीरामभाऊ, मूळ चित्रातली आई कुठे पाहत होती?"

"खाली. बाळाकडं."

"मग तुम्ही समोर का केली?"

मोतीराम गोंधळला. जणू बाईंनी भाकर गोल का करता असं विचारलं होतं. "बाई, माया बापानं मले पयलं हेच शिकवलं. देवीची नजर भक्तावर पायजे. खाली पाह्यणाऱ्या देवीपुढं माणूस हात कशाले जोडल? त्या चित्रवाल्याची चूक होती. म्या सुधरवली."

जमादाराने फकीर मोहम्मदकडे पाहिलं, मग चित्राकडे.

अन्नपूर्णाबाई वर्गात बोलत तशाच, सावकाश बोलू लागल्या.

"चुन्याचा अर्धा थेंब चौकटीवर आहे, उरलेला अर्धा हरवलाय. म्हणजे चुना उडाला तेव्हा चौकटीत जुनी फळी होती. ती नंतर काढली. तोवर फकीरभाई किल्ली देऊन अकोल्याला गेले होते. अकोल्याच्या टॉकीजवाल्याला विचारलं की ते कळेलच. शिवाय त्यांचा हात पोस्टरांचा. पोस्टरमधला नायक नायिकेकडे पाहतो, नायिका चंद्राकडे. समोरची नजर मुखवटे करणाऱ्याच्या हाताची आहे."

"थे समजलं," जमादार म्हणाला. "पन मोतीरामले किल्ली कुनं देली?"

"किल्ल्या दोन. कडूबांना दिसत नाही. चित्र बदललं काय किंवा उलटं टांगलं काय, त्यांना कळलं नसतं, आणि ते त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. पण ज्यांनी पंधरा वर्षं हे चित्र पाहुण्यांना दाखवलं, ते मला म्हणाले की ही पहिल्यापासून समोरच पाहते. डोळे चांगले असलेला माणूस असं का म्हणेल? आणि चित्र बदलल्याचं मी सिद्ध केलं, तेव्हा त्याच माणसाने लगेच दुसऱ्याचं नाव घेतलं."

भगवंतराव ताठ झाले. "बाई, शब्द जपून वापरा. या मुखवटेवाल्याशी माझा काय संबंध?"

मोतीराम वळला. "असं कसं म्हन्ता मालक? तुमच्याच गोदामात दहा दिवस बसलो ना म्या! मूळ चित्र नागपूरले दुरुस्तीले जाते म्हणे, तवलोक भिंत सुनी दिसू नये म्हणून तुम्हीच तं करवली. सरकीच्या पोत्यांमांगं ठुलं होतं मूळ. गेलं का नागपूरले?"

भगवंतरावांचा हात खिशातल्या किल्लीवर गेला आणि तिथेच राहिला.

दोन वाजेपर्यंत पोत्यांमागची फळी सापडली. घोंगडीत गुंडाळलेली, वर मुंबईच्या एका व्यापाऱ्याचा पत्ता. भगवंतराव चौकीत गेले, तेही पायी, भर बाजारातून. पुरावा म्हणून मोतीरामने रंगवलेली माय त्यांच्या मागोमाग निघाली. ती उचलणाऱ्या शिपायाला मोतीराम बजावत होता, "तोंड खाली नको करू बे. रंग अजून वला हाय."

जुनी फळी जमिनीवर, भिंतीला टेकून उभी होती. दोरी सुटली होती, तरी फकीर मोहम्मद मनगट चोळत होता. गौसियाने त्याच्या सदऱ्याचं टोक धरलं होतं.

"फकीरभाई," जमादार म्हणाला. चौकीत आपण याला 'बे' म्हटल्याचं त्यालाही आठवलं असावं. "हे जागेवर लावून द्या. तुमचा हात बसलेला हाय."

फकीर मोहम्मद हलला नाही.

"नाई साहेब. म्या हात लावीन अन् उद्या टवका निंगाला, तं पुन्हा मीच."

जमादाराने बाईंकडे पाहिलं. बाई दुसरीकडे पाहत होत्या. त्याने टोपी काढून कडूबाच्या हातात दिली, फळी छातीशी धरली आणि धापा टाकत शिडी चढला. शिडी डगमगली, तेव्हा मात्र फकीर मोहम्मद पुढे आला आणि दोन्ही हातांनी ती घट्ट धरली.

"बसलं का?" वरून आवाज आला.

"डावीकडून उतरलं हाय."

"आता?"

फकीर मोहम्मदने शिडी गौसियाच्या आणि बाईंच्या हाती दिली, चार पावलं मागे गेला आणि एक डोळा मिटला.

"अजून एक बोट वर, साहेब."

जमादाराने मुकाट्याने फळी बोटभर वर सरकवली.