तिसऱ्या हाकेला ओ

बत्ती बारीक कर रे सुधीर. विझवू नकोस, नुसती बारीक कर. आणि शकू, भ्यायचं असेल तर आत्ताच आत जाऊन झोप. मध्येच किंचाळलीस तर तुझी आई मला फाडून खाईल. ऐकायची तर मुकाट्याने ऐका. "अण्णा, असं कसं होईल?" हा प्रश्न विचारायचा नाही. कसं होईल ते मलाही कळलेलं नाही. झालं एवढं ठाऊक आहे, कारण ज्याच्या बाबतीत झालं तो मधु कारखानीस तार ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा, आणि थापा मारायला जी अक्कल लागते ती त्या सरळ माणसात नावालाही नव्हती.

तर साल चौपन्न, एकोणीस डिसेंबर, रविवार. मार्गशीर्षाचा वद्य पक्ष. चंद्र उगवायचा तो मध्यरात्र उलटल्यावर. संध्याकाळी मधु सायकल काढून डोंबिवली स्टेशनजवळच्या दुकानात बॅटरी आणायला गेला. मोठी, ॲसिडची, आदल्या दिवशी चार्जिंगला टाकलेली. दुकानदाराने हात झटकले. "चार्जिंगचं मशीनच बंद पडलंय, साहेब. उद्या या." मधु चडफडत परत आला. त्याच्या बाजूला तेव्हा वीज आलेली नव्हती, आणि बॅटरीशिवाय त्याचं रविवारचं बोलणं बंद.

हे बोलणं म्हणजे रेडिओवरचं. तुमच्यासारखी गाणी ऐकायचा रेडिओ नव्हे. सरकारी परवाना काढून, घरी सेट जोडून, एकमेकांशी बोलायचा. तोंडाने नाही, बोटांनी. तारेसारखं कट्ट-कडकट्ट. इंग्रजी अक्षरं ठोकायची, पण गप्पा अस्सल मराठी. दर रविवारी रात्री नऊला तिघे मित्र हवेत जमायचे. ठाण्याहून प्रभाकर वैद्य, शाळेत सायन्स शिकवणारा. डोंबिवलीहून मधु. आणि कल्याणहून गुरुदत्त चित्रे, म्हणजे आमचा दत्तू. त्याला ते आपला हवेतला कट्टा म्हणायचे. कुणाच्या घरी पाळणा हलला, कुणाचं प्रमोशन हुकलं, सगळं तिथे निघायचं.

प्रभाकर कट्ट्याचा म्होरक्या. तो एकेकाचं नाव घेऊन हाक मारायचा, आणि ज्याने त्याने ओ द्यायची. नियम दत्तूने घातलेला. हाक तीनदा मारायची, आणि तिसऱ्या हाकेनंतरच ओ द्यायची. "रात्रीची वेळ आहे बाबांनो," तो म्हणायचा, "माणूस असेल तर तीनदा बोलावेल. एकदोनदा बोलावून थांबतो तो कोण, ते आईला विचारा." चेष्टेतच म्हणायचा. पण पाळायचा मात्र कटाक्षाने. कितीही घाई असो, तिसऱ्या हाकेआधी त्याने कधी ओ दिली नाही.

आणखी एक सांगून ठेवतो. दत्तू डावखुरा होता. ठोकायची ती पितळी किल्ली तो टेबलाच्या डाव्या अंगाला स्क्रूने पक्की करायचा. त्याचा हात वेगळा कळायचा. जसं अक्षर ओळखू येतं ना, तसा ठोकणाऱ्याचा हात ऐकणाऱ्याला ओळखू येतो. दत्तूचा शेवटचा ठोका नेहमी जरा रेंगाळायचा, निघताना दारात थबकणाऱ्या पाहुण्यासारखा.

ह्या रात्रीच्या वर्षभर आधी, मार्गशीर्षातच, कट्टा संपता संपता दत्तूच्या सेटवरून एक लांब सूर सुरू झाला. तुटेना. किल्ली दाबून धरली की असा सूर निघतो. सेट जुळवायचा असला की ही मंडळी तेच करतात, मिनिट दोन मिनिटं. मधुला वाटलं, दत्तू सेट जुळवतोय. प्रभाकरलाही तेच वाटलं. "बस कर रे, कान किटले," असं म्हणून मधुने कानावरचे फोन काढले आणि तो झोपला.

सकाळी निरोप आला. दत्तूला सेटचा शॉक बसला होता. हात किल्लीवरच आवळलेला. बायको, मंदाकिनी, माहेरी गेलेली. घरात दुसरं कोणी नाही. डॉक्टर म्हणाले, लगेच गेला नसावा, बराच वेळ जीव होता.

बराच वेळ. हे दोन शब्द मधुच्या काळजात रुतून बसले. डोंबिवली ते कल्याण, सायकलने अर्धा तास. तो तिकडे आवळून बसलाय, आणि आपण म्हणालो कान किटले. डबा खाताना घास हातात धरून तो मला विचारायचा, "अण्णा, निघालो असतो तर सापडला असता का हो जिवंत?" प्रभाकर म्हणायचा, "झालं ते झालं." त्याने कट्टा चालू ठेवला. मधु मात्र एका गोष्टीसाठी झुरत होता. एकदा, फक्त एकदा, वेळेवर पोचायचं होतं त्याला.

तर ह्या रविवारी बोलता येणार नव्हतं, पण ऐकता येणार होतं. ऐकायचा सेट लहान सुक्या बॅटरीवर चालायचा. पावणेनऊला मधु पुढच्या खोलीत टेबलाशी बसला. शिसवी टेबल दिवाळीत सुताराकडून नवंकोरं करून घेतलेलं. त्याची बायको हेमा मागे स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होती. ठोक्यांचा त्रास नको म्हणून तिने मधलं दार ओढून घेतलेलं.

नऊ वाजले. प्रभाकरने मधुला हाक मारली. एकदा, दोनदा, तीनदा. मधु गप्प. देणार कशी ओ?

मग प्रभाकर थांबला. आणि जे वर्षभरात केलं नव्हतं ते त्याने केलं. वर्ष भरलं म्हणून असेल, एकटा पडला म्हणून असेल. त्याने दत्तूला हाक मारली.

एकदा.

दोनदा.

मधु मनात म्हणाला, नको रे, तिसरी नको...

तिसऱ्यांदा.

काहीच नाही. नुसती खरखर. मधुने श्वास सोडला. आणि त्याच क्षणी कानात तो सूर भरला.

लांब. न तुटणारा. दत्तूच्या सेटचाच, तोच घोगरा, किंचित थरथरता. इतका मोठा, की मधुने कानावरचे फोन ओढून काढून टेबलावर टाकले. तिथूनही ऐकू येत होता.

मला सांगा, शहाण्या माणसाने काय केलं असतं? रामरक्षा म्हटली असती. मधुने सदऱ्यावर कोट चढवला. बायकोला न सांगता, पुढच्या दाराने, सायकल काढून तो निघाला. डोक्यात एकच. ह्या वेळी झोपायचं नाही. ह्या वेळी पोचायचं.

ठाकुर्लीवरून रुळांच्या कडेची पायवाट. चोळे गावच्या पॉवर हाउसचे दिवे होते तोवर वाट दिसत होती. पुढे मिट्ट काळोख. गवत पायाला लागत होतं. पेडल मारता मारता तो बोलत होता, "आलो रे... आलो... सोडू नकोस." काय सोडू नकोस, ते त्यालाही सांगता आलं नसतं. पत्री पुलावर दम उखडला. उतरून, सायकल ढकलत, धावत तो पलीकडे गेला.

दत्तूचं घर पारनाक्याजवळ. दाराला कुलूप, मंदाकिनी आता माहेरीच असायची. अंधार. कुलपाची किल्ली शेजारच्या गोदाकाकूंकडे असायची. मधुने दार बडवलं. म्हातारी कंदील घेऊन बाहेर आली.

"कोण? मधु? अरे, इतक्या रात्री?"

"काकू, किल्ली द्या. दत्तू..."

"दत्तू कुठला रे आता?"

"किल्ली द्या काकू, पाया पडतो."

त्याचं तोंड बघून तिने वाद घातला नाही. कुलूप उघडलं. कंदील वर धरला. खोली रिकामी. कोपऱ्यात टेबल नाही, सेट नाही. खिडकीतून आत येणारी एरियलची तार कापलेली, भिंतीला लोंबत होती.

मधु कोपऱ्यातली जमीन चाचपू लागला.

"काय शोधतोयस?" गोदाकाकू हळूच म्हणाल्या. "मशीन? अरे, तूच नाही का वैशाखात ट्रंकेत भरून घेऊन गेलास? मंदा म्हणाली, हे घरात नको, भावजींकडे राहू दे..."

तेव्हा कुठे मधुच्या ध्यानात आलं.

दत्तूचा सेट, दत्तूची किल्ली. सगळं त्याच्याच घरी होतं. पुढच्या खोलीत. खाटेखाली. तो बसला होता तिथून दोन हातांवर.

सूर इतका मोठा का होता, ते आता कळलं. तो लांबून येतच नव्हता.

आणि घरात हेमा एकटी होती.

परत कसा आला, ते त्याला आठवत नाही. गुडघा फुटलेला, म्हणजे कुठेतरी पडला असणार. गल्लीत शिरला तर शेजारच्या कलावतीच्या पायरीवर दोघी बसलेल्या. हेमाच्या अंगावर शाल. मधुला बघून ती उठली नाही. उलट मागे सरकली.

"तुम्ही... बाहेरून कसे आलात?"

"मी कल्याणला गेलेलो, हेमा. नऊलाच गेलो."



"मग आत कोण होतं?"

मधुने घराच्या दाराकडे पाहिलं.

"आत ठोकणं चाललं होतं," ती म्हणाली. "नेहमीसारखं. मला वाटलं, तुम्हीच. पान वाढलं. मधल्या दारातून हाक मारली, अहो, जेवायला चला. ठोकणं थांबलं नाही. परत मारली. तरी नाही. मग रागावून तिसऱ्यांदा मारली..."

"मग?"

"ठोकणं थांबलं. आणि ओ आली."

कलावतीने तिचा हात घट्ट धरला.

"आवाज तुमचा नव्हता हो... तुमचा नव्हता."

मधु घरात गेला. एकटाच. काडी ओढली.

खाटेखालची ट्रंक बाहेर ओढलेली. झाकण उघडं. दत्तूचा सेट टेबलावर. बॅटरीला जोडायच्या दोन तारा टेबलावरून खाली लोंबत होत्या. उघड्या. कशालाच न जोडलेल्या.

आणि दत्तूची किल्ली. टेबलाच्या डाव्या अंगाला. चार स्क्रूंनी पक्की केलेली.

मधुने मला सांगितलं, अण्णा, त्या क्षणी भीती नाही वाटली. रडू आलं. वैशाखापासून हा इथे, माझ्या खाटेखाली, आणि मी रात्री त्यावरच झोपतोय. तो पुढे झाला. "दत्तू," म्हणाला, "आलो रे. उशीर झाला." आणि किल्लीच्या गुंडीवर बोट ठेवलं.

गरम होती. नुकताच कुणी हात उचलावा तशी.

सोमवारी सकाळी प्रभाकर ठाण्याहून आला. दाढी वाढलेली, डोळे लाल. बसलाही नाही. उभ्याउभ्याच विचारलं, "मधु, काल रात्री तू मला काय पाठवत होतास?"

"मी? माझ्याकडे बॅटरीच नव्हती. दुकानात पडलीय अजून."

प्रभाकर मटकन खाली बसला. मग म्हणाला, "काल दत्तूला तीनदा हाक मारली. सूर वगैरे काही ऐकलं नाही मी. थोड्या वेळाने तुझ्या नावाने कुणीतरी बोलायला लागलं. हात मात्र... शेवटचा ठोका रेंगाळत होता. एकच वाक्य. पुन्हा पुन्हा."

"काय?"

"मधु निघालाय. तू कधी निघतोस?"

प्रभाकरने सेट विकला. आठवड्याच्या आत. महिन्याभरात बदली मागून तो नागपूरकडे गेला. मला वाटतं, हाक ऐकू येणार नाही इतकं लांब जायचं होतं त्याला.

हेमा म्हणाली, ती किल्ली आधी खाडीत टाका, मग घरात पाणी प्या. खरं होतं तिचं. मधुने सेट उचलून ट्रंकेत भरला. मग पेचकस घेऊन किल्लीशी बसला. मीही होतो त्या दिवशी. ऑफिस बुडवून गेलेलो, नाही कशाला म्हणू.

पहिला स्क्रू हलेना. दुसरा हलेना. मी कंदील जवळ धरला. चारही स्क्रू गंजून लाल झालेले. खाचा बुजलेल्या. गंज भोवतीच्या लाकडात उतरून काळा पडला होता, वर्षानुवर्षं तिथेच असल्यासारखा.

आणि ते टेबल, सुधीर, मधुने दिवाळीत नवं करून घेतलेलं होतं.