हाक मारणारा कोबी

काचेच्या दुफाटा नळीत चाळिसावी माशी सोडून केतकी राजवाडे खुर्चीत मागे टेकली. डाव्या फाट्यातून कोबीचा वास येत होता, उजव्यातून नुसती हवा. तांदळाच्या कणीएवढी ती परजीवी माशी दुफाट्यावर थबकली, मिशा हलवल्या आणि उजवीकडे गेली.

"वीस इकडे, वीस तिकडे," केतकी म्हणाली. "छापा-काटा करावा तसं."

"बहिऱ्या झाल्यात," डॉ. इरफान मुजावर म्हणाला. बावीस वर्षं कीटकांमागे फिरलेला हा तिचा मित्र थकला की चहा मागायचा. आज त्यानं तोही मागितला नाही.

केतकीचे वडील, डॉ. वसंत राजवाडे, दोन वर्षं अंथरुणाला खिळून सात महिन्यांपूर्वी गेले. मागे राहिलं ते त्यांचं बियाणं. अळीनं पान कुरतडलं की कोबी एक वास सोडतो. त्या वासावर माशी येते, अळीच्या अंगात अंडी घालते आणि अळी मरते. वडिलांनी या वासाला 'हाकगंध' म्हटलं आणि तो अळी येण्याआधीपासून, अहोरात्र, दसपट सोडणारा कोबी तयार केला. फवारणी नाही, विष नाही. दुपारी तीनला समिती येणार होती. तिनं मान्यता दिली की बियाणं राज्यभर जाणार होतं, वडिलांच्या नावानं.

"एक सांग," इरफान म्हणाला. "माशा येत नाहीत, तर दोन हिवाळे तुमच्या शेतात एकही अळी कशी नाही?"

केतकीनं नळी बाजूला ठेवली. ती उठून शेतात गेली.

छबूमावशी वाफ्यात बसल्या होत्या. वडिलांच्या हाताखाली त्यांची अठरा वर्षं गेली होती. शेजारच्या डब्यात साबणाचं पाणी होतं आणि त्यावर हिरव्या अळ्या तरंगत होत्या.

"मावशी, हे कधीपासून?"

"सर आजारी पडले तवापासून. रोज पहाटे आम्ही चौघी वेचतो." मावशी जरा लाजल्या. "तुमच्या त्या कणीएवढ्या माशा काय काम करनार, ताई? पाव्हनं येत्यात, कागदावर लिहून नेत्यात. सरांच्या शेतात भोकाचं पान दिसलं तर लोक काय म्हनतील?"

"बाबांनी एक ओळ अळ्यांसाठी सोडायला सांगितली होती ना?"

"सांगितली होती. पन पडून असलेल्या मानसाचं शेत आसं खाऊ द्यायचं व्हय?"

केतकीला रागावता आलं नाही. ती परत इरफानकडे गेली.

"मग बरोबर आहे," इरफान सगळं ऐकून म्हणाला. "हाक ऐकून जी आली, तिला अळी मिळाली नाही. अंडी न घालताच मेली. जिला हाक ऐकूच आली नाही, ती भटकत दुसरीकडे गेली, तिला योगायोगानं अळी सापडली. पिल्लं तिचीच वाढली. पंधरा दिवसांना एक पिढी. दोन हिवाळ्यांत खोऱ्यातल्या ऐकणाऱ्या माशा संपल्या."

"अळ्यांची ओळ पुन्हा सोडली तर?"

इरफाननं पिशवीतून एक चाळणी झालेलं पान काढलं. "हे शेजारच्या ढोमशांच्या साध्या कोबीचं. सकाळी नळीत तपासलं, एकोणीस इकडे, एकवीस तिकडे. हाक तीच आहे, केतकी. आता तिच्यावर त्यांच्याकडेही माशी येत नाही."

तिनं पान उजेडात धरलं.

"छबूमावशींचा बाबांवर जीव होता, तरी त्यांनी ओळ सोडली नाही," ती म्हणाली. "मग परका शेतकरी कशाला सोडेल? जो शेत नीट राखेल, तो अळ्या वेचणारच. बियाणं जाईल तिथे हेच होणार."

"डोंगरापलीकडच्या माशांना अजून ऐकू येतं. त्या आणून सोडता येतील," इरफान खाली बघत म्हणाला. "पण हा कोबी उभा असेपर्यंत त्या इथेच येऊन अंडी न घालताच मरतील."

"समितीला काय सांगू?"

"तुझ्या नावानं अर्ज आहे. तूच ठरव."

तिनं तीन ओळींचं पत्र लिहिलं, अर्ज मागे घेतल्याचं. मग विळा घेऊन वाफ्यात उतरली.

मावशींनी सगळं ऐकलं. डबा बांधावर ठेवला. "माज्या हातानं झालं," त्या म्हणाल्या. "मी कापते. तुमी जा घरी."

"नाही मावशी. दोघी कापू."

पहिला गड्डा देठापासून सुटला तसा तिखट, हिरवा वास उठला. कापताना कोबी सगळ्यांत मोठ्यानं हाक मारतो. माणसाच्या नाकालाही ती कळते. वास बांधावरून ढोमशांच्या शेतात गेला, पुढे टेकडीपर्यंत गेला. केतकी क्षणभर मान वर करून उभी राहिली. हवेत काहीच हललं नाही.

तिनं पुढची ओळ धरली.