भिकाऱ्याची शाल

यशश्रीचं काम जुनी चित्रं साफ करण्याचं. त्या डिसेंबरात बेंगळुरूच्याच एका जुन्या चर्चमधलं चित्र तिच्या स्टुडिओत आलं, मेणबत्त्यांच्या धुराने पार काळवंडलेलं. घोड्यावरचा संत तलवारीने आपला झगा कापून अर्धा भिकाऱ्याला देतोय, असा प्रसंग. पण भिकाऱ्याच्या अंगावर आधीच एक तपकिरी शाल होती, कुणीतरी मागाहून फासलेली.

मागाहून चढवलेला रंग काढायचा, हा या धंद्यातला पहिला धडा. तिने कापसाचा बोळा फिरवला. तपकिरीखाली हिरवी शाल निघाली, हिरवीखाली लाल. याला पुन्हापुन्हा पांघरूण घालावंसं का वाटलं असेल, असा प्रश्न पडायला हवा होता. पण बाईसाहेब तंद्रीत. संध्याकाळपर्यंत भिकारी उघडा झाला, आणि ती स्वतःवर खूश होऊन एचएसआर लेआउटला घरी आली.

तिचे वडील वासुदेवराव न्यूमोनियातून नुकतेच उठले होते. गारठा मुळीच बाधू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ते खुर्चीत कुडकुडत बसले होते. अंगावर आईची लोकरी शाल, पण अर्धीच. काठ असा सरळ कापलेला, की एक धागा निघाला नव्हता.

"दाराशी एक म्हातारा आला होता, उघडाबंब," ते खोकत म्हणाले. "'स्वल्प द्या', थोडंसं द्या म्हणाला. अर्धी दिली. उरलेली न्यायला उद्या येतो म्हणाला..."

यशश्रीला चित्रातला उघडा भिकारी आठवला. दुसऱ्या दिवशी सकाळीच स्टुडिओ गाठून तिने सगळे नियम गुंडाळून ठेवले आणि भिकाऱ्याला गळ्यापासून पायांपर्यंत जाडजूड शाल रंगवली. आता माझ्या बाबांकडे मागू नका, असं ती पुटपुटत राहिली.

संध्याकाळी घरी आली तर बाबांचा खोकला थांबला होता. कापून नेलेली अर्धी शाल त्यांच्या मांडीवर होती, नीट घडी घातलेली. तिला ओल्या तैलरंगाचा वास येत होता. यशश्रीला रडूच आलं.

"परत देऊन गेला," बाबा म्हणाले. "नवी मिळाली म्हणे."

मग तिच्या लक्षात आलं, की दुसरी अर्धीही त्यांनी अंगावरून काढून मांडीवरच ठेवली होती. दार सताड उघडं होतं.

"पांघरा ना, बाबा."

"नको गं. तो घोड्यावरचा... त्याच्याकडे अर्धाच झगा उरलाय. त्यालाच इकडे पाठवतो म्हणाला."

खाली गल्लीतला रिक्षांचा आवाज थांबला. मग डांबरावर टापा वाजू लागल्या, सावकाश, एकेका घराशी थांबत.