दोन वाजून दहा मिनिटांचा कावळा

आमची सून कुणाचं बोलणं पुरं ऐकून घेत नाही. मी तोंड उघडलं की हिचं सुरू, "आई, पॉज फार घेता तुम्ही." मी काय रेडिओ आहे?

कृतिका नाव तिचं. मोबाइलवर व्हिडिओ कसे कापायचे, कसे जोडायचे, हे ती लोकांना शिकवते, गिऱ्हाइकांचे व्हिडिओ जोडूनही देते. चाळीस हजार लोक शिकतात म्हणे. घरात फोडणी जळायला लागली की हिला तीनदा हाक मारावी लागते, हे त्या चाळीस हजारांना कुणी सांगितलेलं नाही.

आता सांगते ते घडलेलं आहे. मी चौथी शिकलेली बाई. रचून सांगायला मला येत नाही. खोटं वाटलं तर पुढे जा, माझं काही अडत नाही.

गेल्या नोव्हेंबरची गोष्ट. गुडगाव, सेक्टर ब्याऐंशी, आमची सोसायटी. रात्र नव्हती, दिवे गेले नव्हते. भर दुपार होती.

आमच्या ह्यांचं वर्षश्राद्ध होतं.

सदतीस वर्षं सरकारी नोकरी केली ह्यांनी. ऑफिसात काय बोलायचे देव जाणे, घरी शब्द कमीच. वाढायला उशीर झाला तरी हाक मारायचे नाहीत. ताटाच्या कडेवर अंगठी वाजवायचे.

टक... टक... टक.

तीनदा. चौथ्यांदा वाजवायची वेळ मी कधी येऊ दिली नाही.

ते गेले तेव्हा मी रडले नाही. लोकांनी नावं ठेवली. वर्ष झालं, तरी आत सगळं बधिरच. दाढ काढायच्या आधी सुई देतात ना, तसं.

त्या दिवशी सगळा स्वयंपाक मी केला. खीर, वडे, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी. केळीचं पान दिल्लीच्या आयएनए मार्केटमधून आणवलं. विधी झाले. गुरुजींना दुसऱ्या घरी जायचं होतं, ते गेले. माझा मुलगा अंकुर पान गच्चीवर ठेवून आला, तेवढ्यात त्याला मानेसरच्या फॅक्टरीतून फोन. मशीन बंद पडलं. कावळा शिवला की कळव, असं बायकोला सांगून तोही गेला.

गच्चीला लिफ्ट नाही. शेवटचे दोन जिने चढायचे. माझे गुडघे तसले. मग कृतिकाच वर जाऊन बसली, फोन स्टँडवर लावून. नागपूरच्या दिरांनाही व्हिडिओ पाठवायचा होता.

कावळा शिवल्याशिवाय आमच्यात कुणी जेवत नाही.

एक वाजला. दीड वाजला. गुडगावात कबुतरं ढीगभर, घारी आहेत, कावळा औषधालाही नाही.

मी सकाळी इन्सुलिन घेतलं होतं. पोटात अन्नाचा कण नाही. हात थरथरायला लागले. कृतिका मध्ये एकदा खाली येऊन बघून गेली. थोडं खाऊन घ्या म्हणाली. मी तिला गप्प बसवलं. त्यांच्या आधी मी कधी जेवले नव्हते.

थोड्या वेळाने ती पुन्हा आली. फोन माझ्यासमोर धरला.

पान दिसत होतं. वाऱ्याने पानाची कड उचलली... आणि कावळा. भातात चोच घातली, वडा उचलला. वर वेळ लिहिलेली होती. दोन वाजून दहा मिनिटं.

मी जेवले.

तो व्हिडिओ तिने माझ्या फोनवर पाठवला. पुढचे दोन दिवस मी तो किती वेळा बघितला, मोजलं नाही. बरं वाटायचं असं नाही. पण बघायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा लावला.

वारा आला. पानाची कड उचलली...

कावळा आला नाही.

पान तसंच. व्हिडिओ चालूच. मी मागे घेतला, पुन्हा लावला. नाही आला.

आणि मग, अगदी बारीक...

टक... टक... टक.

मी फोन कानाशी नेला.

टक.

चौथा.

मी फोन घेऊन कृतिकाच्या खोलीत गेले. हिने काहीतरी बिघडवलं असेल, असंच वाटलं. तिने व्हिडिओ बघितला आणि तिच्या चेहऱ्याचा रंग उडाला. लॅपटॉप उघडला. त्यावर एक लांब पट्टी असते, व्हिडिओचे तुकडे ओळीने लावलेले. मधला एक तुकडा नव्हता. तिथे काळी चौकट.

"इथे काय होतं?" मी विचारलं.

तिने त्या काळ्या चौकटीवर बोट ठेवलं. मग बोलली. एकदा सुरू झाल्यावर थांबेना.

कावळा आलाच नव्हता. तो कावळा लक्ष्मीनगरचा, तिच्या माहेरचा. पितृपक्षात तिच्या आजोबांसाठी वाढलेल्या पानावर आलेला. तिने तो आमच्या पानाला जोडला. ती लोकांना तेच शिकवते म्हणे. हालचाल होते तिथे कापायचं, म्हणजे जोड दिसत नाही. खाली वाऱ्याचा एकच आवाज सलग पसरायचा. दोन्हींचा रंग सारखा करायचा.

"तुमची शुगर पडत होती, आई. मी एकटी होते. मी काय करणार होते?"

मी रागावले नाही. राग येईल म्हणून वाट बघितली. आला नाही.

तिने तो तुकडा पुन्हा लावला. पट्टीवर कावळा दिसत होता. व्हिडिओ नव्याने तयार करून चालवला... पान होतं. कावळा नव्हता. तिने आवाजाची पट्टीच काढून टाकली, लॅपटॉप मुका केला.

टक... टक... टक... टक.

"आई, यात आता आवाजच नाहीये," ती म्हणाली. मला नाही, लॅपटॉपला म्हणाली.

"पानाचं काय केलंस?" मी विचारलं.

तिने मान खाली घातली. त्या दिवशी घाबरून ते वरच सोडून आली होती.

मी गुडघ्यांचं ऐकलं नाही. दोन जिने बसत बसत चढले. ती मागे होती.

पान होतं तिथेच होतं. तीन दिवसांनी. मुंगी नाही, माशी नाही. गच्चीवर एरवी कबुतरं पाय ठेवू देत नाहीत, तिथे एक पीस नाही. केळीचं पान हिरवंगार, आत्ता धुतल्यासारखं.

मी भाताला हात लावला.

भात कोमट होता.

तिथेच बसले. काय राहिलंय, काय हवंय, विचारलं. अंकुरचं, घराचं, जे सुचलं त्याचं वचन दिलं. वारा नव्हता. पानाची कड मात्र हलत होती.

संध्याकाळी अंकुरला सगळं सांगितलं. त्याने गुरुजींना बोलावलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा स्वयंपाक, पुन्हा पान. कावळा नाहीच. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. असं चालतं, शास्त्रात आहे, म्हणाले. असेल.

जुनं पान गाईला घातलं. गाईने वास घेतला आणि मागे सरकली.

याला आता काही महिने झाले. कृतिकाचं काम मंदावलंय. लग्नाचा व्हिडिओ असो, कुणाच्या दुकानाचा असो, ती जोडायला बसली की जोडाच्या जागी तो आवाज येतो. तिलाच येतो. गिऱ्हाइकांना येत नाही. मला व्हिडिओ लागत नाही. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी मी घास हातात धरून बसते. तो आवाज थांबला की मग खाते. काही दिवस लवकर थांबतो. काही दिवस भात गार होतो.

गेल्या आठवड्यात ती माझ्याजवळ येऊन बसली. फोन नव्हता हातात. मी बोलायच्या आत बोलली नाही. मग विचारलं, "माझं खूप चुकलं का, आई?"

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. आणि सांगितलं.

"तू माझ्यावर माया केलीस कृतिका, ते मी विसरणार नाही. पण मला जेवायला घालायला तू त्यांना जेवलेलं दाखवलंस. उद्या माझी वेळ येईल, तेव्हा गच्चीवर तूच उभी असशील. कावळा आला नाही, तर आला नाही असंच सांग सगळ्यांना. मी थांबेन."