सूर्याकडे पाठ करून बसणारा उंट

"बसला. परत बसला," बिही म्हणाला आणि हातातला पावाचा तुकडा त्याने तसाच वाळूत टाकला.

तुदाने मान वर केली. किनाऱ्यावर, फर्लांगभर अंतरावर, त्यांचा उंट अमलाल गुडघे मोडून खाली बसत होता. पाठीवर दोन पाहुणे होते, नवराबायको. नवऱ्याने खोगिराची कडी घट्ट धरली म्हणून वाचला, पण बायकोची टोपी वाऱ्याने उचलली ती थेट होड्यांकडे निघाली. सूर्य नुकताच पाण्यात बुडाला होता आणि सगळं आभाळ लालभडक झालं होतं. तेवढ्यासाठीच तर त्या दोघांनी पैसे मोजले होते. पण अमलाल बसला तो समुद्राकडे शेपूट करून. पाहुण्यांना दिसत होत्या फक्त वाळूच्या टेकड्या.

बाबा दोरी ओढत होते. दोरीचं दुसरं टोक धरून झुहैर त्या पाहुण्यांना इंग्रजीत काहीतरी समजावत होता.

"काय गं, ती बाई हसतेय की रडतेय?" बिहीने विचारलं.

"मला काय माहीत? विचार तुझ्या इंग्रजी साहेबाला."

बिही नऊ वर्षांचा होता, पण आपल्या बहिणीला दहा दिवसांपासून काय झालंय हे त्याला पक्कं माहीत होतं. दहा दिवसांपूर्वीच झुहैर, त्यांचा आतेभाऊ, सुट्टीसाठी कासाब्लांकाहून आला होता.

वसंतात बाबांनी अमलालला बाजारातल्या दलालाकडून आणलं, तेव्हापासून त्याच्या अंगावरच्या गोचिड्या कुणी काढल्या? तुदाने. त्याला वैरण कुणी घातली, 'अमलाल' हे नाव कुणी ठेवलं? तुदानेच. आणि फेरीची दोरी कुणाच्या हातात? झुहैरच्या! "अगं, पाहुण्यांशी बोलायला लागतं, तुला कुठे इंग्रजी येतं?" असं बाबा सहज म्हणून गेले होते. त्याहून वाईट म्हणजे अमलालसुद्धा फितूर झाला होता. झुहैर दिसला की मान लांब करून त्याच्या शर्टात नाक खुपसायचा. तुदा समोर आली की नुसता रवंथ करायचा. ती जळत होती, आणि आपण जळतोय हे कळल्यामुळे आणखीच जळत होती.

"ब्राहीम, तुझ्या उंटाला बाळंतपणाची रजा दे," शेजारून आपले दोन उंट घेऊन जाता जाता सी बुजमाने बाबांना टोमणा मारला. बाकीचे उंटवाले खो खो हसले.

थोड्या वेळाने अमलाल आपणहून उठला, जणू काही झालंच नाही.

त्या संध्याकाळी भाजलेल्या तारल्यांचं ताट मध्ये ठेवून सगळे जेवायला बसले. बाबा मात्र पावाचा घास नुसता बोटांत फिरवत होते.

"रविवारी बाजारात नेतो त्याला," ते म्हणाले. "आता सगळ्या किनाऱ्यावर हसं झालंय. पाय बघितले, पाठ बघितली, वैद्याला दाखवला. काही दुखणं नाही. हट्टी आहे, दुसरं काय?"

"पण असा बसणारा उंट घेणार कोण?" बिहीने विचारलं.

आईने ताटातला मासा बिहीच्या पुढ्यात सरकवला. उंट कुणीच घेत नाही तेव्हा तो खाटीक घेतो, हे त्या घरात बिहीलाही सांगायची गरज नव्हती.

"मामा, एक मिनिट," झुहैरने खिशातून फोन काढला. "मी रोजची वेळ लिहून ठेवलीय. सोमवारी तो आठ सदतीसला बसला, मंगळवारी छत्तीस, काल छत्तीस, आज पस्तीस. जागा रोज वेगळी, पण वेळ ठरलेली. हळूहळू अलीकडे येतेय."

"अरे वा!" बाबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "याला म्हणतात डोकं."

"उंटाला घड्याळ बांधलंय का?" तुदा फणकारली.

"सूर्यास्ताशी काहीतरी संबंध आहे," झुहैर म्हणाला. "कदाचित लाल रंगाला घाबरत असेल. उद्या त्याचे डोळे बांधून बघू या."

तुदाने खाली मान घालून काटे काढायला सुरुवात केली. तिलाही दोन गोष्टी माहीत होत्या. पहिली म्हणजे अमलाल बसतो तो नेहमी वाऱ्याला आडवा, आणि किटली उकळायला लागतो तेवढा वेळ झाला की आपोआप उठतो. दुसरी गोष्ट मोठी होती. त्याच्या मानेवर डागलेली खूण होती, दोन रेघा आणि खाली एक टिंब. आईबरोबर गेल्या वर्षी ती दक्षिणेला समुद्रात घुसलेल्या टोकापलीकडच्या गावी जत्रेला गेली होती, तेव्हा हीच खूण तिने एका म्हाताऱ्याच्या गाढवावर बघितली होती. अमलालचा पहिला मालक तोच असणार.

पण सांगायचं कशाला? आपणच छडा लावायचा, म्हणजे दोरी आपल्या हातात. नाहीतर परत थाप कुणाच्या पाठीवर, हे ठरलेलंच.

शुक्रवारी झुहैरने अमलालच्या डोळ्यांवर आईची जुनी ओढणी बांधली. आठ वाजून चौतीस मिनिटांनी अमलाल ओढणीसकट खाली बसला. या वेळी पाठीवर तीन पाहुणे होते, त्यात एक आजीबाई. आजीबाई किंचाळल्या. सी बुजमा हसून हसून वाळूत लोळायचा तेवढा बाकी राहिला.

तुदाला आतून गुदगुल्या झाल्या. "काय रे, डोकं कुठे गेलं?" ती म्हणाली.

झुहैर अमलालच्या गळ्याशी वाकून ओढणीची गाठ सोडत होता आणि त्याचे कान लाल झाले होते. तेवढ्यात बाबांचा फोन वाजला. ते चार पावलं बाजूला गेले, पण वारा त्यांच्याकडून तुदाकडेच वाहत होता.

"हो, रविवारी सकाळी. नाही हो, म्हातारा नाही, अंगात भरलेला आहे. मांस चांगलं निघेल."

तुदाने अमलालकडे बघितलं. अमलाल झुहैरच्या शर्टाचा खिसा हुंगत होता. हुंगू दे, ती मनात म्हणाली. दोरी पण त्यालाच राहू दे. पण हा राहिला पाहिजे.

घरी जाताना ती झुहैरच्या बरोबरीने चालायला लागली.

"मला त्याचा जुना मालक ठाऊक आहे," ती म्हणाली. "कालच सांगणार होते."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुझा राग येत होता म्हणून."

झुहैर थांबला. "का?"

"का म्हणजे काय? आता सगळं फोड करून सांगू? उद्या दुपारच्या बसने जायचं, येणार का?"

"मी पण," बिही मागून म्हणाला.

शनिवारी आईला "समुद्रावर जातो" असं सांगून तिघं निघाली. खोटं काही नव्हतं, समुद्र त्या गावालाही होताच. बस टोकाला वळसा घालून पोचेपर्यंत चार वाजले. वारा इतका की बिहीला धरून चालावं लागत होतं. गाढवावरची खूण सांगितल्याबरोबर दुकानदाराने बोट दाखवलं, "दा हमूचं घर. ते शेवटचं, निळ्या दाराचं."

दा हमू दारातच बसला होता. त्याच्या डोळ्यांवर पांढरट पडदा आला होता. पोरं बोलायला लागली तसा त्याने त्यांच्या आवाजाकडे कान वळवला.

"पांढुरका? डाव्या कानाला खाच?" त्याने विचारलं. "जिवंत आहे?"

"उद्यापर्यंत," बिही म्हणाला. तुदाने त्याला चिमटा काढला.

मग तिघांनी एकदमच सगळं सांगितलं. दा हमूने चहा ओतला, एक थेंब न सांडता. "मी त्याला असं काही शिकवलेलं नाही," तो म्हणाला. "किनाऱ्यावरून शेवाळ भरून आणायचो, बारा वर्षं. सकाळी तो चरायचा, दुपारी भरती-ओहोटी बघून आम्ही निघायचो, अंधार पडता पडता परत. कधी अडला नाही, कधी मारावा लागला नाही. डोळे गेले म्हणून विकला. नाहीतर कोण विकतं?"

झुहैरने तुदाकडे बघून खांदे पाडले. परतीची बस साडेसहाला होती, आणि हाती काही लागलं नव्हतं.

तेवढ्यात गावच्या मशिदीतून दुपार टळतानाची अजान झाली. दा हमूने कोपऱ्यातली चटई काखेत मारली आणि भिंत चाचपत अंगणात गेला. अंगणात वाळू नुसती उडत होती. चाचपत चाचपत तो एका आडव्या भिंतीपाशी आला, तिच्या आडोशाला चटई अंथरली आणि उभा राहिला. वारा भिंतीवर आपटत होता. भिंतीच्या या बाजूला त्याच्या झग्याचं टोकही हलत नव्हतं. तो वाकला, उठला, टेकला. शेवटी बसून त्याने उजव्या खांद्याकडे मान वळवली, मग डाव्या. मग उठला.

तुदा पुतळ्यासारखी उभी होती.

"दा हमू," तिने हळूच विचारलं, "किनाऱ्यावर तर भिंत नसते. सांजेच्या नमाजाला आडोसा कुठला घ्यायचात?"

"तिथे भिंत कशाला? तिथे उंट होता की," दा हमू म्हणाला आणि बोलता बोलता चटई गुंडाळायचा थांबला.

"म्हणून तो वाऱ्याला आडवा बसतो," तुदा म्हणाली.

"म्हणून रोज एखाद मिनिट अलीकडे," झुहैर म्हणाला. "दिवस लहान होतोय. सूर्य बुडाला की अजान. आपल्या कानाला लाटांमुळे ऐकू येत नाही, त्याला येत असणार."

"म्हणून तोंड टेकड्यांकडे," बिही म्हणाला. "मक्का तिकडेच आहे ना? आणि बाबा त्या वेळेला फेरीवर असतात. नमाज घरी येऊन पढतात, उशिरा."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. सगळ्या किनाऱ्यावरचे उंटवाले तेच करायचे, कारण गिऱ्हाइकांची खरी झुंबड त्याच वेळी असायची.

परतीची बस वाटेत मेंढरांच्या कळपात अडकली. तिघं उतरून धावत किनाऱ्यावर पोचली तेव्हा आभाळ लाल झालं होतं. अमलाल दूर दिसत होता, पाठीवर दोघं पाहुणे आणि दोरी बाबांच्या हातात. त्यांच्या डोळ्यांदेखत तो थांबला, टेकड्यांकडे वळला आणि खाली बसला.

"कुठे उलथला होतात?" बाबा ओरडले. "झुहैर, यांना सांग, आता उठेल म्हणून."

"बाबा, तो एवढ्यात नाही उठणार," तुदा धापा टाकत म्हणाली. "तो तुमच्यासाठी बसलाय."

"काय?"

"नमाजासाठी. दा हमू, त्याचा जुना मालक, रोज त्याच्या आडोशाला नमाज पढायचा. बारा वर्षं. तुम्ही एकदा पढून बघा. फक्त एकदा."

बाबांनी तिच्याकडे बघितलं. मग लालभडक आभाळाकडे. सी बुजमा आपले उंट थांबवून मजा बघत उभा होता. बाबांचा चेहरा ओशाळला. दोरी त्यांनी तुदाच्या हातात दिली, होडीतून पाणी आणून हातपाय धुतले, खोगिरावरचं कांबळं काढून अमलालच्या कुशीशी अंथरलं आणि उभे राहिले. तिथे वाऱ्याची झुळूकही लागत नव्हती.

झुहैरने पाहुण्यांना आधीच खाली उतरवून वाळूत समुद्राकडे तोंड करून बसवलं होतं. ते खूष झाले. सगळं आभाळ त्यांना एकदाचं नीट दिसलं.

बाबांनी शेवटी उजवीकडे मान वळवली, मग डावीकडे. आणि अमलाल उठला. कुणी दोरी ओढली नाही, कुणी हाक मारली नाही.

मग सी बुजमाही आपल्या उंटाच्या पाठीवरून कांबळं उतरवायला लागला.

"उंटाला कळलं ते मला कळलं नाही," बाबा म्हणाले. त्यांनी फोन काढून खाटकाला नाही म्हणून सांगितलं आणि झुहैरच्या पाठीवर थाप मारली. "शहरातला असून उंट ओळखलास, पोरा."

तुदाने ओठ आवळले. परत तेच.

"मी नाही, मामा," झुहैर म्हणाला. "मी नुसती वेळ लिहिली. भिंत तुदाने बघितली, मालकही तिलाच ठाऊक होता." मग त्याने मान खाली घातली. "आणि खरं सांगायचं तर, तो माझ्याकडे येतो ते याच्यासाठी." त्याने शर्टाच्या खिशातून खजूर काढले. तुदाची आई त्याला रोज न्याहारीला द्यायची तेच. "मी आलो तेव्हा तो तुझ्यामागे मागे फिरायचा, तुदा. मला कुणी विचारत नव्हतं. म्हणून केलं."

"चोर," तुदा म्हणाली, पण तिला हसू आलं. "दोरी सोडणार नाही हं मी आता."

"फेरीची दोरी तुझीच," बाबा म्हणाले. "बोलायला झुहैर आहे."

रविवारी अमलाल बाजारात गेला नाही. बाबा आणि तिघं पोरं पहाटेच निघून, टेकड्यांमधल्या जवळच्या वाटेने त्याला चालवत टोकापलीकडच्या गावी घेऊन गेली. बाबांनी दा हमूचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "उंट विकत घेतला, पण त्याची सवय विचारली नाही. चुकलो."

"तुमची पोरं चुकली नाहीत," दा हमू म्हणाला. "अशी पोरं घरात असली की आंधळ्याचंही काम भागतं."

तो काठी बाजूला ठेवून उठला आणि त्याने हात पुढे केला. सकाळचे दहा वाजले होते. अजान नव्हती, वाराही पडला होता. तरी अमलाल त्याच्यापाशी गेला, गुडघे मोडून खाली बसला आणि आपली लांब मान म्हाताऱ्याच्या खांद्यावर टाकून त्याने डोळे मिटले.

झुहैरने खिशातला खजूर काढून पुढे धरला. अमलालने डोळासुद्धा उघडला नाही. तुदाने हाक मारली, दोनदा. त्याने कानही हलवला नाही.

दोघं कुंपणापाशी शेजारी शेजारी उभी राहिली. दोघांचीही तोंडं सारखीच आंबट झाली होती.

"दे तो खजूर इकडे," तुदा म्हणाली. झुहैरने त्याचे दोन भाग केले, एक तिला दिला, आणि आपापला भाग खात दोघं बराच वेळ म्हाताऱ्याकडे बघत राहिली.