लाल काचेचा दिवा

सत्तावन्न सालच्या थंडीतली गोष्ट. आम्ही पाचजण आकुर्डीहून पिंपरीच्या कारखान्यात सायकलीवर जायचो. सातची पाळी, म्हणजे उजाडायच्या आत निघणं आलं. मुंबई-पुणे रस्त्यावर त्या वेळी मालट्रक धावत आणि ड्रायव्हर पेंगुळलेले असत. म्हणून आमच्यातल्या वडीलधाऱ्या अर्जुनरावांनी नेम घालून दिला होता. कडेनं एकामागे एक चालायचं. मागून गाडी आली की शेवटच्यानं ओरडायचं आणि सगळ्यांनी खाली मातीत उतरायचं. गाडी गेली की पुढून मागे एकेकानं घंटी वाजवायची. पाच घंट्या भरल्या की निघायचं.

शेवटची जागा चिमाजीची. त्याच्या सायकलीला मागे लाल काचेचा रॉकेलचा दिवा होता. दिवाळीत सासुरवाडीला जाताना मी तो मागून नेला आणि, खोटं कशाला बोलू, परत द्यायचा कंटाळा केला. चिमाजी भिडस्त, त्यानं मागितलाही नाही. मी परतल्यावर तिसऱ्या दिवशी धुक्यात ट्रकनं त्याला मागून उडवलं. दिव्याचा चाकाखाली चुराडा झाला असणार, असं सगळे म्हणाले. मीही मान डोलावली. दिवा माझ्या ट्रंकेत धोतरांखाली होता.

मग शेवटची जागा मी मागून घेतली. लोक म्हणाले, ज्योतीराम धीराचा गडी. कसला धीर, चोराच्या मनात चांदणं. मागे दिवा लाव म्हणून अर्जुनराव रोज बजावत आणि मी उद्यावर ढकलत होतो. नवा घ्यायला दुकानात गेलो की ट्रंकेतला आठवे आणि पाय मागे फिरत.

त्या पहाटे धुकं इतकं होतं की पुढच्याची पाठही दिसेना. चिंचवडच्या अलीकडे उतार लागला. तेल वाचवायला काही ड्रायव्हर उतारावर इंजीन बंद करून गाडी सोडत. मला आवाज आलाच नाही. एकदम ब्रेक किंचाळले, जळक्या रबराचा वास आला आणि ट्रकचं नाक माझ्यापासून हातभर अंतरावर थांबलं.

ड्रायव्हर खाली उतरला. मीरासाहेब नावाचा, मिरजेकडचा माणूस. तो माझ्या मागे बघत राहिला.

"तुमच्या मागं होते ते भाऊ कुठायत?"

"मागं कुणी नाही. मीच शेवटचा."

"असं कसं... त्यांनी लाल दिवा हलवला, म्हणून तर ब्रेक दाबला मी."

अर्जुनरावांनी आपली घंटी वाजवली. दुसरी, तिसरी झाली. चौथी, शेवटची, मी वाजवली. जरा वेळ गेला. मग माझ्या पाठीमागे, धुक्यात, आणखी एक वाजली. चिमाजीच्या घंटीची कमान सैल होती, वाजून झाल्यावर ती खरखरत राहायची. तशीच ही खरखरली.

"मागं वळू नका," अर्जुनराव हळूच म्हणाले. "चला..."

दुपारी घरी येऊन मी ट्रंक उघडली. दिवा होता तिथंच होता. पण काच कोमट होती आणि आतून काजळी धरली होती. दिवाळीपासून मी त्यात रॉकेलचा थेंब घातला नव्हता.

संध्याकाळी सायकल काढली आणि दिवा घेऊन चिमाजीच्या घरी गेलो. त्याची बायको गोजाबाई चुलीपुढे बसली होती. मी सगळं सांगितलं. माझ्यामुळं गेला तो, हेही सांगितलं. सांगताना रडू आवरलं नाही. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिनं काचेला बोट लावलं आणि दिवा माझ्याकडे सरकवला.

"तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या, भावजी."

"अगं, पण तुझाच आहे तो..."

"रोज पहाटं दाराशी सायकल थांबायची. माझा दिवा कुठं हाय, म्हणून इचारायचे. मी काय सांगणार?" तिनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. "आज पयल्यांदाच न्हाई आले. घावला वाटतं."

मी परत निघालो. घराशी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. बायकोनं मी गेल्यावर अंगण सारवलं होतं आणि ते अजून ओलं होतं. त्या ओल्या सारवणावर सायकलीच्या चाकांचा माग उमटला होता, फाटकापासून थेट दारापर्यंत. परतीचा माग नव्हता. माझी सायकल अजून माझ्या हातात, फाटकाबाहेरच होती.